दोनदा हरवलं, तरी तिसरे: स्टॉकहोम १९६९

मित्रहो, गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, खेळात राजकारण आणू नये, हे तत्त्व म्हणून टिकतं का?" तेव्हा वेळ संपली होती. मी म्हटलं, पुढच्या वेळी एकच उदाहरण घेऊन येतो आणि त्याच्यावर हे तत्त्व घासून बघू. ते उदाहरण म्हणजे १९६९ सालची आइस हॉकीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा.

खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही, म्हणून दोन वाक्यं सांगतो. बर्फाचं मैदान, पायात स्केट्स, एका बाजूला गोलरक्षक धरून सहा जण. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. वीस वीस मिनिटांचे तीन भाग. आणि आगळीक केली की खेळाडूला दोन मिनिटं बाहेर बाकावर बसवतात, तेवढा वेळ त्याचा संघ एकानं कमी. कबड्डी खेळलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

आता पार्श्वभूमी. २१ ऑगस्ट १९६८ च्या पहाटेपर्यंत सोव्हिएत संघाचे आणि वॉर्सा करारातल्या मित्रदेशांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले होते. डुबचेक यांनी जी मोकळीक दिली होती, 'प्रागचा वसंत' म्हणतात ती, तिच्यावर घाला आला. (आपल्या सरकारनं सुरक्षा परिषदेत तटस्थ राहणं पसंत केलं आणि त्यावरून अशोक मेहतांनी मंत्रिपद सोडलं, हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.) १९६९ ची स्पर्धा खरं तर प्रागला व्हायची होती. परदेशी फौजा देशात बसलेल्या असताना यजमान कसं व्हायचं? त्यांनी ती नाकारली आणि स्पर्धा स्टॉकहोमला गेली. जानेवारीत यान पालाख या विद्यार्थ्यानं प्रागच्या वेन्सेस्लास चौकात स्वतःला पेटवून घेतलं. तो चार्ल्स विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विद्याशाखेत शिकत होता. या गोष्टीपाशी मी दर वेळी थोडा थांबतो. असो.

या देशात हॉकी आणि सत्ता यांचा संबंध १९६८ मध्ये सुरू झालेला नाही. १९४७ आणि १९४९ चे जगज्जेते तेच होते. १९५० च्या मार्चमध्ये संघ लंडनच्या स्पर्धेला निघणार, तेवढ्यात प्रवासच रद्द झाला. चिडलेली पोरं प्रागच्या एका बिअरच्या गुत्त्यात बसून सरकारला शिव्या देत होती, तिथून त्यांना उचललं. देशद्रोहाचा खटला झाला. गोलरक्षक बोहुमिल मोद्री याला पंधरा वर्षांची शिक्षा लागली. तो युरेनियमच्या खाणीत राबला, १९५५ साली सुटला आणि १९६३ मध्ये गेला. तेव्हा 'खेळात राजकारण आणू नका' हे वाक्य कोणाला ऐकवायचं, हा पहिला प्रश्न. आणायचं की नाही, हे खेळाडूच्या हातात होतं कुठे?

स्टॉकहोमला सहा संघ, प्रत्येकाशी दोनदा सामना. सोव्हिएत संघ १९६३ पासून सलग विजेता. २१ मार्चला चेकोस्लोव्हाकियानं त्यांना २–० हरवलं. पहिला गोल यान सुखी याचा, दुसरा योसेफ चेर्नीचा. (सुखी हे आडनाव आपल्याला छान वाटतं, पण चेक भाषेत त्याचा अर्थ 'कोरडा' असा आहे.) त्यांच्या पोशाखावर राष्ट्रचिन्ह होतं, सिंहाचं. त्या सिंहाच्या डोक्यावरचा जुना मुकुट १९६० साली काढून तिथे तारा बसवला होता. काही खेळाडूंनी त्या ताऱ्यावर चिकटपट्टी लावली. सामन्यानंतर हस्तांदोलन केलं नाही. "तुम्ही आम्हाला रणगाडे, आम्ही तुम्हाला गोल" अशा अर्थाची घोषणा गाजली, मूळ भाषेत तिचं यमकही जुळतं. २८ मार्चला परत गाठ पडली, परत जिंकले, ४–३.

आणि तरीही ते जगज्जेते झाले नाहीत. इथे गणित फार मजेशीर आहे. चेकोस्लोव्हाकियानं सोव्हिएत संघाला दोन्ही वेळा हरवलं. सोव्हिएत संघानं स्वीडनला दोन्ही वेळा हरवलं. स्वीडननं चेकोस्लोव्हाकियाला दोन्ही वेळा हरवलं. बाकी तिघांना, म्हणजे कॅनडा, फिनलंड, अमेरिका यांना या तिघांनीही चीत केलं. प्रत्येकी दहा सामने, आठ विजय, सोळा गुण. आता श्रेष्ठ कोण? अ हा ब पेक्षा सरस, ब हा क पेक्षा सरस, आणि क हा अ पेक्षा सरस! अठराव्या शतकात कॉन्डोर्सेनं मतदानाच्या बाबतीत हेच चक्र दाखवलं होतं: प्रत्येक जोडीत निकाल स्पष्ट असतो, पण सगळे मिळून 'सर्वांत श्रेष्ठ' कोण ते निघत नाही. मग बाहेरून एखादी कसोटी आणावी लागते. इथे ती गोलफरकाची होती. सोव्हिएत पहिले, स्वीडन दुसरे, चेकोस्लोव्हाकिया तिसरा. अखेरच्या दिवशी स्वीडनकडून ते १–० हरले. एक गोल! नुसती बरोबरी झाली असती तरी सतरा गुण होऊन सुवर्णपदक त्यांचं होतं. पण दोन दिवसांपूर्वी ज्या सामन्यात जीव ओतला, त्यानंतर अंगात काय उरणार?

प्रागमध्ये मात्र लोकांनी ३० मार्चची वाट पाहिलीच नाही. २८ च्या रात्रीच लोक रस्त्यावर आले, एकट्या प्रागमध्ये लाखाच्या वर. अनेक गावांत सोव्हिएत छावण्यांपुढे गर्दी जमली. वेन्सेस्लास चौकातलं एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीचं कार्यालय फोडलं गेलं. त्या कार्यालयासमोर फरसबंदीच्या दगडांचा ढीग आयता पडलेला होता, तो गुप्त पोलिसांनीच ठेवला असा संशय तेव्हापासून आहे. ढीग कोणाचाही असो, निमित्त मिळालं. सोव्हिएत संरक्षणमंत्री ग्रेच्को प्रागला येऊन दम देऊन गेले, वृत्तपत्रांवरचा पहारा कडक झाला, आणि १७ एप्रिलला डुबचेक यांच्या जागी हुसाक आले. हॉकीमुळे डुबचेक गेले असं मी म्हणणार नाही, ते जाणारच होते. पण तारीख मात्र हॉकीनं जवळ आणली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराचा 'होमो लुडेन्स' हा ग्रंथ १९३८ चा. तो म्हणतो, खेळ रोजच्या जगापासून वेगळी आखलेली जागा मागतो, त्या रेषेच्या आत वेगळे नियम चालतात. (हाच माणूस पुढे नाझींच्या कैदेत गेला.) वरवर पाहिलं तर स्टॉकहोमला ती रेषा पुसली गेली. मला मात्र उलटं वाटतं. रेषा शाबूत होती, म्हणूनच त्या दोन विजयांना किंमत आली. ऑगस्टमध्ये त्या देशावर लाखो सैनिक आले होते, त्यांच्यापुढे करण्यासारखं काही नव्हतं. बर्फावर मात्र सहा विरुद्ध सहा. तिथे महासत्तेलाही सातवा खेळाडू उतरवता येत नाही, आणि आगळीक केली तर तिच्याही माणसाला दोन मिनिटं बाकावर बसावं लागतं. समजा पंचांनी त्या दिवशी चेकोस्लोव्हाकियाची बाजू घेतली असती, किंवा सोव्हिएत संघानं सामना सोडून दिला असता, तर रस्त्यावर कोण आलं असतं? राजकीय अर्थ उभा राहिला तो खेळ काटेकोरपणे खेळ राहिला म्हणून.

याच कारणानं ते नाकारलेलं हस्तांदोलन मला खटकतं. मी त्यांना दोष देत नाही, तो अधिकार मला नाही. पण समोरचे खेळाडू रणगाडे घेऊन आले नव्हते. त्यांच्यातले बरेच जण लष्कराच्या क्लबचे होते हे खरं, पण सुखीसुद्धा दुक्ला यिह्लावा या लष्करी संघातच खेळायचा. ज्या समान नियमांनी तुम्हाला तो विजय दिला, ते नियम समोरच्यानंही पाळले होते. तेवढ्यापुरता हात द्यायला हरकत नव्हती, असं मला आज, या वयात, आरामखुर्चीत बसून वाटतं. १९६९ च्या मार्चमध्ये प्रागमध्ये असतो तर वाटलं असतं का, सांगता येत नाही.

१९७२ च्या एप्रिलमध्ये स्पर्धा अखेर प्रागला झाली. चेकोस्लोव्हाकियानं ती जिंकली आणि सोव्हिएत संघाची सलग नऊ विजेतेपदांची मालिका तिथे तुटली. तोवर डुबचेक स्लोव्हाकियात वनखात्यात नोकरी करत होते.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.