मॉरिशसचा डाळवडा आणि फ्रेंच पाव

मागच्या खेपेला जालन्यात एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, परदेशातली मराठी माणसं आपलं खाणं टिकवतात म्हणता, पण त्यात आपलं उरतं किती?" वेळ संपली म्हणून आम्ही तेव्हा निसटलो. आज तिथूनच सुरू करू.

मॉरिशस घ्या. 1715 साली ते फ्रेंचांनी घेतलं, 1810 मध्ये इंग्रजांनी जिंकलं. पण शरणागतीच्या अटींत एक गोष्ट होती: लोकांचे कायदे, चालीरीती तशाच राहतील. त्यामुळे 1834 नंतर गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांत आले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसंही होती, तेव्हा राज्य इंग्रजांचं आणि कानावर पडायची ती फ्रेंचमधून घडलेली क्रिओल. स्वयंपाकघरातले शब्द तिथूनच आले.

तिथं न्याहारीला 'गातो पिमां' खातात. गातो म्हणजे केक, पिमां म्हणजे मिरची. मिरचीचा केक! प्रत्यक्षात काय, तर डाळ भिजवून भरड वाटायची, मिरची-कोथिंबीर घालायची, तळायची. आपल्याकडची कुठलीही बाई बघताक्षणी म्हणेल, अहो, हा डाळवडा. तो गरमागरम वडा लोणी लावलेल्या फ्रेंच पावात घालून खातात. टोमॅटोच्या 'रुगाय'मध्ये कांदा-लसणीबरोबर थाइम पडतं, ही फ्रेंच सवय. 'धोल पुरी' मूळची बिहारकडची. पण करण्याची रीत बघा, शिजवलेल्या डाळीचं सारण पारीत भरून लाटायचं. पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच.

(तिकडे पॅसिफिकमध्ये ताहितीतही असंच. लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, वर नारळाचं दूध, आणि नाव मात्र फ्रेंच: 'प्वासाँ क्रू'.)

मग आपलं किती? आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं की वस्तूचं सत्त्व एक आणि बाकीचे गुण येणारे-जाणारे. चुलीपाशी हे टिकत नाही. वडापावातला 'पाव' पोर्तुगीज, बटाटा आणि मिरची अमेरिकेतून आलेली. ते काढून टाका, मग हातात काय राहतं? मोसंबीचं नावसुद्धा मोझांबिकवरून पडलं असं मानतात, आणि जालन्याच्या मोसंबीला आपण भौगोलिक मानांकन घेऊन बसलोय.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, घरोघरी मोदक होतात. पण बहुतेक मराठी घरांत मुलं बोलतात क्रिओल, मराठी शाळेत शिकतात. डाळ भिजवायची रीत हाताला लागली ती सुटली नाही. तिचं नाव मात्र बदललं. त्या श्रोत्यानं खरं तर हे विचारायला हवं होतं, की नाव गेल्यावर रीत किती पिढ्या तग धरते. आमचा अंदाज, भाषेपेक्षा जास्त. कुणाला पटत नसेल तर बोला, आज वेळ आहे.