वजन उतरवा, पण कुणी?

मधुमेह निघाला की घरोघरी सल्ला ठरलेला: भात कमी, गोड बंद, वजन उतरवा. ‘टाइप २’च्या बहुतेक रुग्णांना तो लागूही पडतो. पण पंचविशीतल्या, आधीच बरगड्या दिसणाऱ्या शेतमजुरानं उतरवायचं काय? रक्तात साखर किती, ते तपासणी सांगते. ती का वाढली, ते सांगत नाही. उपचार मात्र त्या कारणावर ठरतात.

अशा कृश रुग्णांची नोंद १९५५मध्ये जमैकात झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेहाला स्वतंत्र वर्ग दिला आणि १९९९मध्ये तो काढून टाकला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील रुग्णांवरच्या, २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की यांचं स्वादुपिंड इन्सुलिन कमी बनवतं, पण शरीर त्याला चांगली दाद देतं. २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं या आजाराला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. ‘टाइप १’ समजून इन्सुलिनचा मोठा डोस दिला, तर पुढच्या जेवणाची शाश्वती नसलेल्या माणसाची साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाऊ शकते. इथे गरज असते पुरेशा, प्रथिनयुक्त आहाराची आणि बेतानं दिलेल्या औषधांची.

जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत होणारा मधुमेह बहुधा एकाच जनुकातल्या दोषामुळे होतो. काही बाळांत स्वादुपिंडाच्या पेशींवरची पोटॅशियमची वाट बंदच होत नाही, म्हणून इन्सुलिन आत अडकून राहतं. हा जनुकदोष २००४मध्ये सापडला. सल्फोनिलयुरिया गटातली जुनी, स्वस्त गोळी नेमकी ती वाट बंद करते. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांची इन्सुलिनची सुई सुटली.

‘मोडी’ हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि तरुणपणीच दिसतो. त्याच्या एका उपप्रकारात याच गोळ्या अगदी कमी मात्रेत पुरतात. ग्लुकोकायनेज जनुकाच्या उपप्रकारात उपाशीपोटीची साखर जन्मभर थोडी चढी राहते, पण गरोदरपण सोडलं तर सहसा औषध लागत नाही.

‘लाडा’ या प्रकाराची गोष्ट उलटी. चाळिशीत निदान होतं, गोळ्या सुरू होतात आणि काही वर्षांत त्या पुरेनाशा होतात. पथ्य मोडल्याचा ठपका रुग्णावर येतो. प्रत्यक्षात त्याची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मारत असते. ‘गॅड’ अँटिबॉडीची तपासणी ते उघड करते, आणि मग इन्सुलिन टाळण्यात अर्थ नसतो.

जनुकांच्या आणि अँटिबॉडीच्या महागड्या तपासण्या सरसकट सर्वांना नकोत. पण बांधा सडपातळ, वय कमी, घरात सलग पिढ्यांना मधुमेह किंवा गोळ्यांना दाद नाही, यातलं काही असेल तर ‘माझा मधुमेह कोणत्या प्रकारचा?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावं. चालू औषध किंवा इन्सुलिन मात्र परस्पर थांबवू नये.