मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेत घरच्या घरी गॅस भरणे : शास्त्रीय आधार व मर्यादा
(विशेष संदर्भ : आटगाव परिसर, ता. शहापूर, जि. ठाणे)

प्रस्तावना :

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील आटगाव हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील आसनगावनंतरचे स्थानक होय. मुंबई-नाशिक महामार्ग या गावाजवळून जातो. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शिक्षक, नोकरदार व व्यावसायिक यांच्या दारात आता मोटारी दिसतात. उन्हाळा सुरू झाला की 'एसीचा गॅस संपला, भरून घ्यायला हवा' हे वाक्य त्यांच्या बोलण्यात हमखास येते. सुमारे ४५० ग्रॅम गॅसचे छोटे डबे, एक नळी व एक गेज एवढ्या साहित्यावर हे काम अंगणातच उरकता येईल, असाही समज आढळतो. महाविद्यालयांतून दरवर्षी १६ सप्टेंबर रोजी ओझोन दिन साजरा होतो. परंतु त्याच आवारात उभ्या असलेल्या मोटारींतील गॅसचा या दिनाशी असलेला संबंध क्वचितच सांगितला जातो. या पार्श्वभूमीवर सदर विषयाचे विवेचन आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१. मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेचे कार्य स्पष्ट करणे.
२. घरी गॅस भरण्यातील अडचणी व धोके यांचा विचार करणे.
३. मोटारमालकाला घरी करता येण्याजोग्या कामांची मांडणी करणे.

यंत्रणेचे कार्य :

द्रवाची वाफ होताना तो सभोवतालची उष्णता शोषून घेतो, या अप्रकट उष्म्याच्या तत्त्वावर ही यंत्रणा चालते. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायू दाबतो. रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये हा तप्त वायू बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होतो. एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो व डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते. या वेळी आतील हवेची उष्णता शोषली जाते. तीच वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे येते.

या वर्णनावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. पेट्रोल जळून संपते, तसा हा गॅस संपत नाही. तोच गॅस बंदिस्त मार्गाने फिरत राहतो. रबरी नळ्या व कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील यांतून अत्यल्प प्रमाणात तो झिरपतो, हे खरे. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी थोडी तूट येणे स्वाभाविक आहे. परंतु दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर यंत्रणेत गळती आहे, असाच त्याचा अर्थ होतो. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतण्यासारखे आहे.

दाब व वजन यांतील फरक :

घरगुती साहित्यातील गेज दाब दाखवितो. यंत्रणेत गॅस किती आहे हे मात्र तो सांगू शकत नाही. स्वयंपाकघरातील सिलिंडरच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. त्यात द्रव शिल्लक असेपर्यंत दाब मुख्यतः तापमानावर अवलंबून असतो. सिलिंडर अर्धा आहे की पाव, हे दाबावरून कळत नाही. म्हणूनच तो तोलून घ्यावा लागतो. भारतातील बहुसंख्य मोटारींत वापरल्या जाणाऱ्या आर-१३४ए या गॅसचा उत्कलनांक उणे २६ अंश सेल्सिअस आहे. ३० अंश तापमानाला त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे साडेसात पट असतो, मग त्याचे प्रमाण दोनशे ग्रॅम असो वा चारशे. यंत्रणा चालू केल्यावर दिसणारा दाबही बाहेरचे तापमान, पंख्याचा वेग व इंजिनची गती यांनुसार बदलतो.

यासाठीच मोटार उत्पादक गॅसचे प्रमाण ग्रॅममध्ये देतात. बॉनेटखालील पट्टीवर सहसा ते छापलेले असते. लहान मोटारींत ते साधारण अर्ध्या किलोच्या आसपास असते. त्यामुळे शंभर ग्रॅमची चूकही मोठी ठरते. गॅस कमी पडल्यास त्याबरोबर फिरणारे तेल कॉम्प्रेसरला पुरेसे मिळत नाही. तो जास्त झाल्यास कंडेन्सरमधील दाब वाढतो, थंडावा उलट घटतो आणि मे महिन्यात कसारा घाट चढताना कॉम्प्रेसरवर ताण येतो.

घरी गॅस भरण्यातील धोके :

पहिला धोका आर्द्रतेचा. यंत्रणा उघडी पडली असेल तर तिच्यात हवा व बाष्प शिरते. हे बाष्प एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठते. तसेच तेल व गॅस यांच्या सान्निध्यात आम्ले तयार होऊन आतील धातू झिजतो. म्हणून गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंपाने यंत्रणा पूर्ण रिकामी करावी लागते. कोकणपट्टीसारख्या दमट हवामानात ही पायरी गाळणे विशेष हानिकारक होय.

दुसरा धोका शारीरिक इजेचा. द्रवरूप गॅस उडाल्यास त्वचा गोठते व डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. डबा चुकून उच्च दाबाच्या बाजूस जोडल्यास किंवा तापविल्यास तो फुटू शकतो. उन्हात बंद मोटारीत डबा ठेवणेही तितकेच धोक्याचे आहे. डबा उलटा धरून भरल्यास द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जाऊन तो निकामी होण्याचा संभव असतो.

तिसरा धोका पर्यायी गॅसचा. स्वस्त म्हणून प्रोपेन-ब्युटेनसारखे ज्वलनशील वायू या यंत्रणेत भरणे टाळलेच पाहिजे. कूलिंग कॉइल प्रवाशांच्या पुढ्यातच असते. तेथे गळती झाल्यास बंद मोटारीत एक ठिणगीही पुरेशी ठरते.

पर्यावरणाचा हिशोब :

पूर्वी मोटारींत आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन वापरला जाई. अशा वायूंमुळे ओझोन थर क्षीण होतो, हे मोलिना व रोलँड यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला व १९९२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. पुढे आलेला आर-१३४ए ओझोनला घातक नाही. मात्र शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंवरही बंधने आणली. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली असून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात करून २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर नेण्याचे बंधन स्वीकारले आहे.

४५० ग्रॅमचा एक डबा गळून गेला तर त्याचा परिणाम सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. एक लिटर पेट्रोल जळाल्याने साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे लक्षात घेता हे प्रमाण सुमारे २८० लिटर पेट्रोलएवढे भरते. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार तेवढ्यात ४,२०० किलोमीटर अंतर कापेल. दरवर्षी गळती तशीच ठेवून डबा रिकामा करणाऱ्याच्या खिशालाही हा भार सोसावा लागतो, तो वेगळाच.

घरी काय करता येईल?

थंडावा कमी होण्याचे कारण प्रत्येक वेळी गॅसच असते असे नाही. महामार्गाची धूळ व पाचोळा कंडेन्सरच्या पात्यांत अडकतो. तो पाण्याच्या सौम्य धारेने धुता येतो. केबिन फिल्टर तुंबला असल्यास बदलता येतो. कंडेन्सरचा पंखा फिरतो का, पट्टा सैल आहे का, फ्यूज उडाला आहे का, हे पाहणे कठीण नाही. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसल्यास, इंजिन बंद करून, तेथे साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आल्यास गळतीची जागा कळते. पावसाळ्यात व थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे यंत्रणा चालविल्यास सीलला तेल मिळत राहते.

प्रत्यक्ष गॅसचे काम मात्र काटा, व्हॅक्यूम पंप व जुना गॅस परत काढून घेणारे यंत्र असलेल्या गॅरेजमध्येच करावे. तेथेही तीन प्रश्न विचारणे हितावह ठरेल : गळती नेमकी कोठे सापडली? व्हॅक्यूम किती वेळ ठेवला? गॅस किती ग्रॅम भरला?

निष्कर्ष :

१. गॅस कमी होणे हे लक्षण आहे. मूळ दोष बहुधा गळतीचा असतो.
२. गॅसचे प्रमाण वजनाने ठरते. केवळ दाबाच्या गेजवर विसंबणे चुकीचे आहे.
३. स्वच्छता व प्राथमिक तपासणी घरी, तर गॅसचे काम सुसज्ज गॅरेजमध्ये, अशी विभागणी योग्य होय.
४. भौतिकशास्त्र व पर्यावरण अभ्यास हे विषय शिकविताना हे उदाहरण घेतल्यास अप्रकट उष्मा, बाष्पदाब व मॉन्ट्रियल करार या संकल्पना विद्यार्थ्यांच्या रोजच्या अनुभवाशी जोडता येतील. ओझोन दिनाच्या कार्यक्रमात परिसरातील मेकॅनिकांना निमंत्रित करून त्यांच्याकडून गळती शोधण्याचे प्रात्यक्षिक घडविल्यास महाविद्यालय व गाव या दोहोंना त्याचा लाभ होईल.