हसताना तोंडावर हात का?

सहावी-सातवीतले मूल हसताना तोंडावर हात धरू लागले, की घरचे म्हणतात, "वयच तसं आहे, लाजतंय." एकदा त्याला खिडकीच्या उजेडात नेऊन तोंड उघडून बघा.

११ ते १३ या वयात उरलेले दुधाचे दात पडतात आणि वरचे सुळे येतात. जागा उरली नसेल तर सुळा वर हिरडीत बाहेर निघतो. वर्गात चिडवाचिडवी होते, मग मूल फळ्यासमोर उभे राहायचे टाळते. असे दात तार लावून ओळीत आणता येतात. मुलीच्या लग्नाची बोलणी निघेपर्यंत कशाला थांबायचे?

खरा घोळ होतो तो सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेचा. कोणताही दात न पडता ती दुधाच्या दाढांमागे गुपचूप येते. म्हणून मलकापूर असो की मेहकर, पालक तिला दुधाचीच समजतात. "किडली तर किडली, पडेलच!" ती पडायची नसते, जन्मभराची असते. ठणका लागला की दाढेत लवंग ठेवतात. तात्पुरते बरे वाटते, कीड आत जातच राहते. कुणी तंबाखूची चिमूट देतात. आपल्या वऱ्हाडात खर्ऱ्याची सवय लागायला तेवढे पुरते!

कीड वरवर असताना दाढ भरता येते. उशीर झाला तर काढावी लागते आणि तिच्या जागी दुसरी उगवत नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा-तपासणीत दातही पाहतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकाने दिलेली चिठ्ठी पुष्कळदा दप्तरातच राहते, तेव्हा संध्याकाळी दप्तर बघा.