डिश बसवायचा धंदा करताय? मग आधी हे समजून घ्या: छत्री दिसते तिकडे बघत नाही!



डिश बसवणं हा कमी भांडवलाचा धंदा आहे. पण यात कमाई जाते कुठे? दुसऱ्या फेरीत. छत्री अंदाजाने लावली, सिग्नल गेला, पुन्हा पेट्रोल जाळून जायचं, तेही फुकट. ते टाळायचं असेल तर छत्रीचा आकार समजून घ्या.

छत्री अशी का असते?

जुन्या मोठ्या गोल डिशमध्ये एलएनबी बरोबर मधोमध असायचा. म्हणजे त्याची सावली डिशवरच पडायची. लहान डिशला हे परवडत नाही. म्हणून एका मोठ्या पॅराबोलाचा फक्त एका बाजूचा तुकडा घेतात. फोकस तोच राहतो, पण एलएनबी खाली, वाटेच्या बाहेर जातो. यालाच ऑफसेट डिश म्हणतात. फायदा आणखी एक: छत्री उभट राहते, त्यामुळे पावसाचं पाणी साचत नाही.

मग गोंधळ कुठे होतो?

छत्रीचं तोंड जिकडे दिसतं, त्याच्यापेक्षा तिची नजर बरीच वर असते. किती वर? टेप काढा. समजा रुंदी 60 सेंमी आणि उंची 65 सेंमी भरली. 60 भागिले 65 म्हणजे 0.923. मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर याचा उलटा कॉस घ्या. उत्तर येतं साधारण 22.5 अंश. हा झाला तुमच्या छत्रीचा ऑफसेट.

आता टेमघरचं उदाहरण घेऊ

डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. भिवंडीजवळच्या टेमघरमधून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे 132 अंशांवर, आणि क्षितिजापासून साधारण 57.5 अंश उंच आहे.

57.5 वजा 22.5 = 35.

म्हणजे छत्री उभ्या रेषेपासून फक्त 35 अंश मागे कलवायची. कडेवर वरपासून खालपर्यंत सरळ पट्टी धरा, तिच्यावर मोबाइल ठेवून कोन मोजा. मग डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा. शेवटी एलएनबी क्लॅम्पमध्ये थोडा फिरवून बघा, क्वालिटी सगळ्यात जास्त येईल तिथे घट्ट करा. उपग्रह बदलला की कोन बदलतो. 83 अंश पूर्वेच्या उपग्रहासाठी इथे उंची साधारण 65 अंश धरा.

इथेच पैसे वाचतात

समजा आग्नेयेला 4 मीटरवर शेजारच्या कारखान्याची भिंत आहे, छत्रीच्या पातळीपासून 5 मीटर उंच. छत्रीचं तोंड बघून वाटेल, "इथे काही जमणार नाही." नवखा माणूस गिऱ्हाईक सोडतो, नाहीतर उंच पोलचा खर्च सांगतो. पण नजर 57.5 अंशांवर आहे. हिशोब सोपा: भिंत जितकी लांब, त्याच्या दीडपट उंचीपर्यंत चालते. 4 मीटरला 6 मीटर. काम होतंय! अगदी काठावर असेल तर मात्र थोडी जागा बदला.

जुनी छत्री घेताय?

भंगारातून स्वस्तात मिळते, पण तपासून घ्या. कडेवर दोन दोरे ताणून बांधा, एकावर एक फुलीसारखे. दोरे मधोमध एकमेकांना जेमतेम टेकले तर कड सपाट आहे. फट पडली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला, तर छत्री पिळली आहे. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंमी असते, त्यामुळे काही मिलिमीटरचा पोचाही सिग्नल खातो. अशी छत्री फुकट मिळाली तरी महागच पडते.

आजचा गृहपाठ

घरच्या छत्रीची रुंदी-उंची मोजा, ऑफसेट काढा आणि वहीत लिहून ठेवा. तुमच्या गावाचा कोन एकदा काढला की गावातल्या प्रत्येक गच्चीवर तोच चालतो. टेप, मोबाइल आणि वही एवढं जवळ ठेवा, आणि पहिल्याच फेरीत काम संपवा.