माळ रिकामा नसतो

आषाढीच्या वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बेलवाडीच्या गोल रिंगणानंतर अंथुर्ण्यात येते. या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याचे पाणी पोचते तिथे उसाची हिरवी रानं आहेत, आणि जिथे ते पोचत नाही तिथे मुरमाड माळ पसरले आहेत. वारीच्या दिवसांत माळावर गवताचे कोंब नुकते डोके वर काढत असतात. मे महिन्यात हाच माळ पाहिला, तर इथे काहीच नाही असे कुणालाही वाटेल. मोठी माणसेही त्याला ओसाड, पडीक म्हणतात. मुलांनो, हे खरे नाही. इंदापूर-बारामतीच्या माळावर चिंकारा आहे, लांडगा आहे, तरस, खोकड, कोल्हा आणि कितीतरी पक्षी आहेत. यांतल्या अनेकांना घनदाट जंगल चालतच नाही. त्यांचे घर म्हणजे हा उघडा माळ.

इथे जंगल का वाढले नाही?

अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच बरसतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा कोरडी होत जाते. त्यामुळे तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या अंथुर्ण्याच्या परिसरात जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस होतो. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

त्यातच माळावर मातीचा थर पातळ असतो. वीत-दोन वीत खणले की मुरूम आणि त्याखाली काळा खडक लागतो. मोठ्या झाडाला मुळे पसरायला जागा नाही आणि वर्षभर पुरेल इतकी ओलही नाही. गवताचे मात्र इथे बरे चालते. त्याच्या बारीक मुळ्यांचे दाट जाळे वरच्या थरातला पाण्याचा थेंबन् थेंब टिपते. वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून मेंढरांनी वरचे पाते खाल्ले तरी गवत पुन्हा फुटते. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून जातो, पण मुळे जिवंत राहतात. मृगाच्या सरी आल्या की आठवडाभरात माळ हिरवा होतो.

स्वतःला पेरणारे बी

माळावर चालून आल्यावर पायजम्याला किंवा मोज्यांना कुसळे चिकटतात. ती वैतागून उपटून फेकण्याआधी एक कुसळ नीट पाहा. टोकाला सुईसारखे अणकुचीदार बी असते. बियावर मागे वळलेले राठ केस असतात आणि मागच्या बाजूला पीळ पडलेली लांब शेपटी असते.

ही शेपटी ओलावा ओळखते. दव पडले की तिचा पीळ सुटतो, ऊन तापले की पीळ पुन्हा बसतो. शेपटी गवतात किंवा ढेकळात अडकलेली असेल, तर या फिरण्याने बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. मागे वळलेले केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. रोज रात्री दव, रोज दिवसा ऊन, आणि रोज बी थोडे आणखी खोल. पावसाळ्यापर्यंत ते मातीत सुरक्षित जाऊन बसलेले असते. मुंग्या, पाखरे आणि वणवा यांच्यापासून त्याचा बचाव होतो.

हे घरी करून पाहता येते. शेपटीसकट वाळलेले कुसळ थाळीत ठेवा आणि शेपटीवर पाण्याचे दोन थेंब टाका. थोड्याच वेळात ते आपोआप फिरू लागेल. टोक बोटात जाणार नाही एवढे सांभाळा. तेच टोक मेंढरांच्या लोकरीतून कातडीत घुसते, म्हणून कुसळ पिकले की मेंढपाळ त्या रानात मेंढरे घालायला बिचकतात.

पाण्यावाचून राहणारे हरीण

इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ चिंकाऱ्यासाठी ओळखला जातो. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये जाहीर झालेले मयूरेश्वर अभयारण्यही चिंकाऱ्याचेच. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, पण नाव मोठे.

चिंकारा खांद्याशी साधारण ६५ सेंटिमीटर उंच आणि वजनाने वीस-पंचवीस किलोचा असतो. रंग वाळल्या गवताचा. नराची शिंगे वळीदार आणि भरदार असतात. मादीलाही शिंगे असतात, फक्त बारीक आणि आखूड. काळवीट आणि चिंकारा यांत तुमचा गोंधळ होत असेल, तर ही खूण लक्षात ठेवा. काळविटाच्या मादीला सहसा शिंगे नसतात.

पाणी मिळाले तर चिंकारा पितो, पण न मिळाल्यास दीर्घकाळ पाण्यावाचून राहू शकतो. पाला, शेंगा, बोरे आणि पहाटेचे दव यांतून त्याला हवी तेवढी ओल मिळते. ती वाया जाऊ नये म्हणून त्याचे शरीर फार काटकसरीने चालते. लेंड्या कोरड्याठाक असतात. भर उन्हात तो बोरी-बाभळीच्या सावलीत बसून राहतो आणि चरायला सकाळ-संध्याकाळ निघतो.

त्याच्या बचावाची दोनच साधने आहेत, डोळे आणि पाय. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. धोका दिसला की तो पुढचा पाय जमिनीवर आपटतो, शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि सुसाट सुटतो. यासाठी मोकळी जागा लागते. दाट झाडीत त्याला दूरचे दिसत नाही आणि वेगाने पळताही येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

लांडगा, तरस आणि खोकड

गोष्टींमधला लांडगा नेहमी दुष्ट असतो. माळावरचा लांडगा कुटुंबवत्सल प्राणी आहे. मादी साधारणपणे पावसाळ्यानंतर, हिवाळ्याच्या सुमारास ओढ्याकाठच्या कपारीत किंवा बिळात पिल्ले देते. शिकार करून आलेले मोठे लांडगे पोटातले मांस उलटून पिल्लांना भरवतात. आई-वडीलच नव्हे, तर कळपातली थोरली भावंडेही यात हातभार लावतात.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांची फार जुनी आणि वेगळी शाखा असल्याचे दिसून आले. देशात असे लांडगे दोन ते तीन हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. वाघांचा २०२२ चा अंदाज ३,६८२ आहे. म्हणजे ज्या वाघासाठी सगळा देश जागा असतो, त्याच्याहून आपल्या शिवारातला लांडगा बहुधा कमीच उरला आहे.

धनगर आणि लांडगा या माळावर पिढ्यान् पिढ्या शेजारी आहेत. संध्याकाळी मेंढरे जाळीच्या वाघरीत कोंडायची, भोवती कुत्री ठेवायची आणि राखण करायची, ही त्यांची रीत. तरी एखादे कोकरू जातेच. अशा वेळी वनविभागाकडून भरपाई मिळते. ती वेळेवर मिळाली तर मेंढपाळाचा राग निवतो, आणि लांडगा वाचण्याचा तोच खरा उपाय आहे.

तरसाचे पुढचे पाय उंच आणि मागचे बुटके, म्हणून तो लंगडत चालल्यासारखा दिसतो. मेलेल्या जनावरांची हाडे फोडून पचवणारा हा माळाचा सफाई कामगार. हाडांतल्या कॅल्शियममुळे त्याची विष्ठा वाळून पांढरी होते. वाटेत अशी विष्ठा दिसली, तर रात्री तिथून तरस गेला असे खुशाल समजावे. खोकड त्यामानाने चिमुकले, दोन-तीन किलोचे, शेपटीचे टोक काळे. उंदीर, नाकतोडे, खेकडे आणि बोरे हे त्याचे खाणे. उंदीर मारून ते शेतकऱ्याचे काम हलके करते आणि बोरांच्या बियाही दूरवर नेऊन टाकते.

पिसांतून पाणी आणणारा बाप

पखुर्डी नावाचा पक्षी माळावर असूनही चटकन दिसत नाही, इतका त्याचा रंग मातीत मिसळतो. उघड्या जमिनीवर अंडी घालायची आणि वाळलेले बी टिपून जगायचे, असे त्याचे आयुष्य. पिल्ले जन्मल्यावर लगेच चालू लागतात आणि बी टिपू लागतात. पण कोरड्या बियांत पाणी कुठले? पिल्लांना उडून पाणवठ्यावर जाताही येत नाही. मग नर पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याच्या पोटाकडच्या पिसांचे तंतू वळलेले असतात. भिजले की ते उलगडतात आणि त्यांत पाणी धरून राहते. तो उडत परत येतो आणि पिल्ले त्याच्या पिसांतून पाणी चोखतात.

हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येथे उतरतात. दिवसभर माळावरून खालून-खालून उडत ते नाकतोडे आणि लहान पक्षी पकडतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. त्यांनाही झाड नको, गवत हवे.

माळावर झाडे लावावीत का?

झाडे लावणे चांगले, हे तुम्हाला शाळेत शिकवले आहे. गावात, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, बांधावर ती जरूर लावा. पण माळ खणून, चर काढून तिथे सुबाभूळ किंवा गिरिपुष्पाची दाट लागवड केली, तर गवत सावलीत मरते. चिंकाऱ्याला दूरचे दिसेनासे होते, पखुर्डीची अंडी घालायची जागा जाते आणि भोवत्याचा मुक्काम हलतो. आपण मात्र पर्यावरणासाठी काहीतरी केल्याच्या समाधानात राहतो. गवताच्या मुळांतही कार्बन साठतो, आणि तो जमिनीखाली असल्याने वणव्यात सहसा जळत नाही. म्हणून माळाला माळच राहू देणे हेही पर्यावरणाचेच काम आहे.

दुसरे संकट मोकाट कुत्र्यांचे आहे. ती चिंकाऱ्याच्या पाडसांचा पाठलाग करतात. त्यांच्यामुळे लांडगा-खोकडांना रेबीज आणि डिस्टेंपरसारखे जीवघेणे रोग होऊ शकतात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराची जनुकीय तपासणीतून खात्रीही झाली आहे. माळाकाठी फेकलेले उकिरडे आणि मेलेल्या कोंबड्या या कुत्र्यांना पोसतात. तो कचरा थांबवणे गावाच्या हातात आहे.

पुणे वनविभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. मोठ्या माणसांना घेऊन एकदा जाऊन या. पहाटे जा, हळू बोला आणि गाडीतून उतरू नका. गावाजवळच्या माळावर पायी जात असाल तर बूट घाला, कारण दगडाखाली फुरसे असू शकते. ओल्या मातीत ठसे शोधा. दोन अरुंद, टोकदार खुरांचा ठसा चिंकाऱ्याचा असू शकतो. मात्र त्याच वाटेने शेळ्या-मेंढ्याही जातात, म्हणून भोवतालच्या लेंड्याही पाहा. वहीत तारीख, जागा आणि काय दिसले ते लिहा. पिल्लू एकटे दिसले तर त्याला उचलू नका. त्याची आई बहुधा जवळच असते.

आणि पुढच्या वेळी कुणी माळाकडे बोट दाखवून म्हणाले, की ही पडीक जमीन आहे, इथे काहीच नाही, तर त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगा: इथे चिंकारा राहतो. ही जमीन त्याची आहे आणि ती राखायची जबाबदारी आपली.