तुम्ही दिवा विकताय की उजेड?

शोभेच्या दिव्यांचा व्यवसाय करायचाय म्हणणारे बरेच जण मला आधी डिझाईनचा फोटो दाखवतात. मी विचारतो, "लावल्यावर भिंतीवर काय दिसतं?" कारण गिऱ्हाईक दुकानात आकार बघतं, पण रात्री घरी त्याला त्या उजेडात बसायचं असतं. उजेड डोळ्यांत खुपला, की दिवा परत येतो नाहीतर माळ्यावर जातो. दोन्हीकडे नुकसान तुमचंच.

मोठ्या डिझायनरांनी हे कसं सोडवलं, ते बघा.

डेन्मार्कचे पॉल हेनिंगसेन यांना उघड्या बल्बचा झगझगाट खटकायचा. १९२६ मध्ये त्यांनी तीन छत्र्यांचा दिवा आणला. छत्र्यांचा बाक असा मोजून काढला, की बल्ब थेट दिसत नाही आणि उजेड छत्रीवरून परतून मऊ होऊन खाली येतो. १९५८ चा त्यांचा 'आर्टिचोक' दिवा तर ७२ पाकळ्यांचा आहे. कुठूनही बघा, बल्ब झाकलेलाच! ही झाली आकाराची करामत.

मटेरियलची करामत शिल्पकार इसामू नोगुचींची. १९५१ मध्ये ते जपानच्या गिफू शहरात गेले. तिथल्या कंदिलांवरून त्यांना 'अकारी' दिवे सुचले: तुतीच्या सालीचा कागद आणि आत बांबूची कामटी. कागदाच्या तंतूंत उजेड पसरतो आणि सगळा दिवाच उजळतो. शिवाय तो घडी होऊन चपटा होतो. कुरिअरचा खर्च भरणाऱ्याला याची किंमत कळेल!

आपला बांबू-कागदाचा आकाशकंदील याच तत्त्वावर चालतो. म्हणजे सुरुवात शून्यातून नाही.

आता कामाचं:

१. कागद आणि सुती कापड उजेड पसरवतात. पत्रा तो अडवतो आणि भोकांतूनच सोडतो. भिंतीवर नक्षी ठळक हवी असेल तर पारदर्शक काचेचा छोटा बल्ब घ्या. दुधी बल्बने ती पुसट होते.

२. बल्ब कागदाच्या फार जवळ असेल तर एकच प्रखर ठिपका दिसतो. घेर वाढवा.

३. घरगुती, उबदार उजेडासाठी २७०० ते ३००० केल्विनचा बल्ब दिव्यासोबतच द्या. गिऱ्हाइकाने ६५०० चा पांढराफटक बल्ब लावला, तर तुमची मेहनत वाया.

४. एलईडी कमी तापतो, पण बुडाशी तापतोच. वर-खाली हवा खेळती ठेवा, कागद बल्बला टेकू देऊ नका.

पन्नास नगांचा कच्चा माल उचलण्याआधी एकच नमुना बनवा. रात्री खोलीतले बाकी दिवे बंद करा, त्याच्याखाली जेवा, शेजारी बसून वाचा. घरच्यांना विचारा, "डोळ्यांना त्रास होतोय का?" उत्तर "नाही" आलं, की मगच किंमत ठरवायला बसा. आणि विकताना फोटो दोन टाका: एक बंद दिव्याचा, एक लावलेल्या दिव्याचा. गिऱ्हाईक दुसरा बघूनच पैसे काढेल.